घरात वेगळं जेवणघर ठेवायचं का नाही? कोल्हापुरातल्या घरासाठी पायरी-पायरीनं सगळा हिशोब

नवीन घराचा प्लॅन हातात आला की त्यात एक चौकोन असतोच, आत लिहिलेलं असतं डायनिंग, १० बाय १२. आणि तिथंच घरात वाद सुरू होतो. थोरली माणसं म्हणतात कशाला पाहिजे, आम्ही जन्मभर माजघरात पाटावर जेवलो, पोरं म्हणतात सगळ्या मित्रांच्या घरी आहे, आणि जिला रोज वाढायचं असतं तिला कोण विचारतच नाही. आमचं घर कळंब्याच्या बाजूला, २०१२ ला बांधलं, तेव्हा आम्ही पण वेगळं जेवणघर केलं होतं, आठ खुर्च्यांचं टेबल, काचेचं क्रॉकरी युनिट, वर लोंबता लाईट, सगळं. वर्षभरात त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे, दप्तरं, लाईटबिलं आणि दळणाचे डबे आले आणि आम्ही परत स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ताटं घेऊन बसायला लागलो. पुढं बऱ्याच वर्षांनी ती खोली बदलली, भिंतीला खिडकी पाडली, टेबल देऊन टाकलं, दुसरं करून घेतलं, आणि आता रोज दोन्ही वेळा तिथंच जेवतो. त्यानंतर नणंदेच्या घरात, माहेरी, गल्लीतल्या दोन घरात हेच मोजमाप करून दिलं, त्यातनं जे कळलं ते इथं नीट लिहून ठेवतेय.

माझं मत आधीच सांगते. सणावाराच्या आणि पाहुण्यांच्या जेवणावरनं जेवणघर ठरवू नका. मंगळवारी रात्री साडेआठला, साध्या आमटी-भाकरीला, तुमच्या घरात कोण कुठं बसतं त्यावरनं ठरवा. पाहुण्यांची सोय दुसऱ्या पद्धतीनं होते, ती पण खाली येतेय.

पायरी १ : पंधरा दिवस कागदावर लिहा

फ्रिजवर एक कागद चिकटवा. तारीख, दुपार का रात्र, कोण कुठं जेवलं आणि एकत्र किती जण बसले, एवढंच लिहायचं. घर बांधायच्या आधी भाड्यानं राहत असाल तरी लिहा, कारण माणसं घर बदललं म्हणून जेवायची सवय बदलत नाहीत. कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवा पण कुणाला टोकू नका, टोकलं की दोन दिवस सगळे शहाण्यासारखे एकत्र बसतात आणि नोंदीचा उपयोग राहत नाही.

आम्ही हे जुन्या टेबलाच्या काळात केलं तेव्हा तीस जेवणांतली नऊच टेबलावर झाली होती आणि त्यातली पण बरीचशी रविवारची. पोरगा टीव्हीपुढं, पोरगी तिच्या खोलीत, मालक शिरोली एमआयडीसीतनं शिफ्ट करून येणार तर त्यांचं ताट झाकून ठेवलेलं, सासूबाई साडेसातलाच जेवून मोकळ्या. मी ओट्यापाशी. हे बघितल्यावर कळलं की अडचण टेबलाची नाही, वेळेची आहे. एकत्र जेवायची एक वेळ घरात ठरलेली नसेल तर आठ खुर्च्यांनी ती ठरत नाही. आम्ही आधी रात्रीची सव्वाआठची वेळ धरली आणि ती महिनाभर पाळली, मग खोलीला हात लावला. तुम्ही पण ह्याच क्रमानं जा.

पायरी २ : माणसं तीन प्रकारे मोजा

रोजची माणसं, रविवारची माणसं आणि यात्रेची माणसं. हे तीन आकडे एकत्र केले की हमखास चूक होते.

रोजची म्हणजे घरातली, आमच्यात पाच. रविवारची म्हणजे मटणाच्या दिवशी येणारी, आमच्याकडं नणंद, तिचे मालक आणि पोरं धरून नऊ. यात्रेची म्हणजे चैत्रात जोतिबाच्या यात्रेला, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, नाहीतर जावळ-बारसं काही निघालं की येणारी, पंचवीस-तीस सहज. टेबल घ्यायचं ते रोजच्या माणसांत एक किंवा दोन मिळवून. पाच असतील तर सहाचं टेबल बास. रविवारी नऊ झाले तर पोरांना आधी वाढायचं, मग थोरल्यांना, हे आपल्याकडं पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

पंचवीस माणसांसाठी कुठलंच टेबल पुरत नाही, त्यांच्यासाठी पंगत. आणि पंगतीचा हिशोब टेबलापेक्षा कितीतरी सरळ आहे. मांडी घालून बसलेल्या माणसाला रुंदीला २ फूट लागतात. माणूस आणि पुढं ताट मिळून मागून पुढं साडेतीन फूट जागा लागते. समोरासमोर दोन ओळी घातल्या तर सात फूट झाले, मधून वाढणाऱ्याला रश्श्याचं पातेलं घेऊन वाकता यावं म्हणून ३ फूट, एकूण १०. म्हणजे १० बाय १६ चा हॉल मोकळा केला तर एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ, एका पंगतीला सोळा माणसं बसतात. दारासमोरची एखादी जागा सोडा, चौदा धरा. दोन पंगतीत अठ्ठावीस माणसं उठली.

म्हणून पाहुण्यांसाठी पैसे घालायचेच असतील तर ते हॉलमध्ये घाला, आणि ते सुद्धा सोफा हलका, दोन माणसांना उचलता येईल असा घेण्यात. भिंतीला ठोकलेली, हलवता न येणारी बैठक केली की पंगतीची जागा कायमची गेली. जाजम किंवा सतरंज्या, पंचवीस ताटं, वाट्या, पाण्याचे जग ठेवायला एक माळा लागतो, तो प्लॅनमध्येच सांगा. पंगतीत ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी जेवणघरातलं टेबल असतंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना डॉक्टर साधारणपणे मांडी घालून बसू नका असंच सांगतात, आणि प्रत्येक घरात आता असं एकतरी माणूस आहे.

पायरी ३ : रांगोळीनं टेबल काढा

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्लॅनवर सगळं मावतं. घर बांधून झालेलं असेल किंवा स्लॅब पडून भिंती आल्या असतील तर त्या खोलीत जा, टेप घ्या आणि फरशीवर रांगोळीनं टेबलाची चौकट काढा. मग घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या भोवतीनं मांडून सगळ्यांना बसवा, आणि एकेकाला उठायला सांगा.

मापं अशी धरा. एका माणसाला टेबलाच्या कडेनं २ फूट असं सांगतात, पण ते एक प्लेट आणि एक वाटीवाल्या जेवणाला. आपल्या ताटाला तांबड्याची वाटी, पांढऱ्याची वाटी, शेजारी कांदा-लिंबू, पाण्याचा तांब्या, म्हणून मी सव्वादोन फूट धरते. टेबलाची रुंदी ३ फूट पाहिजे. अडीच फुटाचं टेबल दुकानात सुटसुटीत दिसतं पण समोरासमोर दोन ताटं मांडली की मधे रश्श्याचं पातेलं आणि भाकरीची बुट्टी ठेवायला जागा उरत नाही आणि मग प्रत्येक वेळी कुणीतरी उठून वाढत बसतं. सहा माणसांना ५ बाय ३ चालतं, लांब बाजूंना दोन-दोन आणि टोकांना एकेक. चौघांना ४ बाय ३. गोल आवडत असेल तर चौघांना ४ फूट व्यासाचं, सहांना ५ फुटाचं, पण गोल टेबल भिंतीला लावता येत नाही म्हणून लहान खोलीत नको.

खुर्ची मागं ओढून माणूस उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३ फूट. अगदीच अडचण असेल तर अडीच. आणि बसलेल्या माणसाच्या मागनं दुसऱ्यानं ये-जा करायची असेल तर साडेतीन फूट. म्हणजे ५ बाय ३ च्या टेबलाला चारी बाजूंनी ३ फूट सोडले तर ११ बाय ९ ची खोली लागते. १० बाय १२ मध्ये आठचं टेबल बसतं असं जे सांगतात ते बसतं फक्त, माणसं बसत नाहीत. आमचं जुनं टेबल ७ फुटाचं होतं, भिंतीकडच्या खुर्चीत सासूबाई बसल्या की त्यांना उठताना टेबलाला दोन्ही हात लावून आधी आडवं सरकावं लागायचं आणि मग उभं. त्या हळूहळू तिथं यायच्याच बंद झाल्या, आणि आम्हाला वाटायचं की त्यांना टेबलावर जेवायला आवडत नाही. रांगोळीची चौकट काढून खुर्ची ओढली तेव्हा दिसलं, मागं फक्त दीड फूट होता.

जागा कमी असेल तर एका बाजूला भिंतीला लागून बाक करा, दीड फूट वाचतो आणि पोरं दाटीवाटीनं तीन-तीन बसतात. मात्र थोरल्यांना बाकावर बसवू नका, त्यांना पाठ आणि हात टेकायला पाहिजेत, आणि त्यांची खुर्ची दाराकडच्या टोकाला ठेवा.

पायरी ४ : त्या खोलीचे पैसे मांडा

पटकन होणारं काम आहे, पण कुणी करत नाही. खोलीचे चौरस फूट गुणिले तुमच्या कंत्राटदाराचा दर. समजा दर २,००० रुपये फूट धरला तर १२० फुटाच्या खोलीचे २ लाख ४० हजार झाले. हे कर्जातनं जाणार असतील आणि व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं असेल तर त्या एका खोलीचा हप्ता महिन्याला साधारण २,०८० रुपये पडतो आणि फिटेपर्यंत जवळजवळ ५ लाख जातात. वर टेबल, खुर्च्या, युनिट वेगळं. फ्लॅट घेणार असाल तर तिथला फुटाचा दर घालून हाच हिशोब करा, आकडा बराच मोठा येईल.

आता तो हप्ता एकीकडं आणि पायरी १ चा कागद दुसरीकडं ठेवा. रोज दोन वेळा पाच माणसं तिथं बसणार असतील तर महाग नाही असं मी म्हणेन. महिन्यातनं दोनदा वापर होणार असेल तर ते पैसे स्वयंपाकघर ३-४ फुटानं वाढवण्यात घाला, टेबल तिथंच बसेल.

पायरी ५ : भाकरी करणारी कुठं उभी असते ते बघा

ही सगळ्यात मोठी पायरी आणि प्लॅन काढताना हिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपलं जेवण एकदम मांडून ठेवायचं जेवण नाही. भाकरी तव्यावरनं ताटात जाते, रस्सा दोनदा-तीनदा गरम लागतो, मधेच कुणाला भात, कुणाला ताक. जेवणघर स्वयंपाकघरापासनं तुटलेलं असेल, मधे पॅसेज असेल, तर भाकऱ्या करणारी बाई कायम आत आणि बाकीचे सगळे बाहेर. ती शेवटी एकटी जेवते. आमच्या पेठांमधल्या जुन्या घरात पुढं सोपा, मग माजघर, मग चुलीचं घर अशी ओळीनं रचना असायची आणि बायका मागनं जेवायच्या. नव्या घरात लाखो रुपये घालून तीच गोष्ट परत बांधायची का, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा बोलून घ्या.

गॅसपासनं टेबलापर्यंत किती पावलं आहेत ते मोजा. पाचपर्यंत ठीक, दहाच्या वर गेली की टेबल काही दिवसांनी ओस पडतं, आमच्या घरात बारा होती.

उपाय तीन आहेत. एक, स्वयंपाकघरातच टेबल. दोन, मधली भिंत काढून उघडं करणं. तीन, भिंतीला वाढायची खिडकी. उघडं स्वयंपाकघर दिसायला छान पण आपल्याकडं कांदा-खोबरं भाजायचं, वर कांदा-लसूण चटणीची फोडणी, तो ठसका हॉलमधल्या पडद्यांपर्यंत जातो, चिमणी कितीही चांगली घेतली तरी थोडा जातोच. म्हणून मला खिडकी सगळ्यात पटते. आमची ४ फूट रुंद, ३ फूट उंच आहे, खालची कड फरशीपासनं ३ फुटावर, तिथं फूटभर रुंदीची ग्रॅनाईटची फळी आणि सरकती काच. फोडणी देताना काच लावायची, जेवताना उघडायची. आता भाकरी फुगली की उलथन्यानं तशीच खिडकीतनं भाकरीच्या बुट्टीत पडते, बोलणं ऐकू येतं, आणि सासूबाई तिथनंच हाक मारतात, "अगं ये की आता, आमटी गार व्हायलीय." शेवटच्या दोन भाकऱ्या पोरगा करतो आणि मी त्या वेळी बसलेली असते.

खिडकी पाडायच्या आधी भिंत कसली आहे ते इंजिनिअरला दाखवाच. कॉलम-बीमच्या घरात मधली विटेची भिंत बहुतेक वेळा भार घेत नसते, तरी आत वायर, पाण्याची लाईन असते. पेठेतल्या जुन्या दगड-मातीच्या घरात मात्र भिंतच वरची तुळई आणि माळा उचलून धरते, तिथं गवंड्याच्या भरवशावर भगदाड पाडायचं नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी.

पायरी ६ : आता ठरवा

आत्तापर्यंतचं सगळं हातात असेल तर निर्णय आपोआप येतो. रोज पाच-सहा माणसं एका वेळी जेवतात, थोरली माणसं आहेत, ११ बाय ९ जागा आहे आणि ओटा पाच पावलांत आहे, तर वेगळं जेवणघर बिनधास्त ठेवा. माणसं तीन-चार आहेत आणि वेळा जुळत नाहीत तर वेगळी खोली नको, स्वयंपाकघरात भिंतीला लागून ४ बाय ३ चं टेबल, एक बाजू भिंतीला चिकटवलेली, पाहुणे आले की पुढं ओढायची. आणि घरात सगळ्यांना खालीच बसून जेवायला आवडत असेल, गुडघे चांगले असतील, तर शेजाऱ्यांकडं आहे म्हणून टेबल घेऊ नका, चांगले सागवानी पाट करून घ्या, थोरल्यांसाठी एक उंच चौरंग आणि स्टूल.

तरी खोली सोडून द्यायचं मन होत नसेल तर एक गोष्ट करा, ती खोली जेवणघर म्हणून बांधा पण बेडरूमसारखी. म्हणजे बाहेरच्या भिंतीला खिडकी, दाराची चौकट, दोन-तीन प्लगचे पॉईंट, आणि जमलं तर संडास-बाथरूम जवळ. पुढं आई-वडिलांना जिना चढवेना झाला की तळमजल्यावरची हीच खोली त्यांना देता येते. माहेरी असंच झालं, वडिलांच्या पायाचं दुखणं वाढलं आणि आठ दिवसांत जेवणघराची त्यांची खोली झाली, फोडाफोडी काही लागली नाही.

पायरी ७ : खोली आहेच पण वापर नाही, तर

लगेच पाडायला जाऊ नका, महिनाभर हे करून बघा. आधी टेबलावर काय काय साठतं ते बघा आणि त्या प्रत्येक गोष्टीला दुसरी जागा द्या. आमच्याकडं क्रॉकरी युनिटमधले काचेचे सेट वर्षानुवर्षं हलले नव्हते, ते माळ्यावर टाकले आणि त्याच कपाटात घरातल्या प्रत्येकाला एक कप्पा दिला, वह्या, चार्जर, औषधं, बिलं सगळं त्यात. जेवायच्या आधी पाच मिनिटांत टेबल मोकळं झालं पाहिजे एवढाच नियम. दिवसा त्याच टेबलावर पोरीचा दहावीचा अभ्यास झाला, शिलाई मशीन असतं, उन्हाळ्यात चटणीसाठी मिरच्यांचे देठ काढायला गल्लीतल्या बायका तिथंच बसतात. दुसरा उपयोग असलेली खोली जिवंत राहते, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली बंद पडते.

टीव्ही मात्र त्या खोलीत लावू नका, माझं ह्याबाबतीत ठाम मत आहे. टीव्ही असला की सगळे एका बाजूला तोंड करून बसतात आणि टेबलाची अर्धी बाजू वाया जाते.

पायरी ८ : टेबल घेताना, आणि आपला पाऊस

टेबलाची उंची ३० इंच, खुर्चीची बैठक १८ इंच, मधे १२. टेबलाच्या खाली जी आडवी पट्टी असते तिच्यात आणि बैठकीत निदान ७ इंच सुटले पाहिजेत नाहीतर मांड्या अडकतात. दुकानात नुसतं हात फिरवून बघू नका, बसा, आणि पाच मिनिटं बसा.

वरचा भाग कशाचा घ्यायचा ते आपल्या हवेवर आहे. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा इतकी ओली असते की कपाटाची दारं सुद्धा फुगून घासायला लागतात. आमचं पहिलं टेबल एका दुकानातनं तयार घेतलं होतं, वर चकचकीत सनमायका आणि आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात कडेला पाण्याचा तांब्या ठेवायच्या जागी सनमायका उचलला गेला, खालचा भाग भिजलेल्या बिस्किटासारखा फुगला, आणि एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी परत बसत नाही. म्हणून टेबल उलटं करून खालनं बघा, कच्ची कड दिसते का, स्क्रू कशात मारलेत. सागवान महाग पण आपल्या पावसाला टिकतं आणि कधीही घासून पॉलिश करता येतं. ग्रॅनाईटवर डाग सहसा राहत नाही पण वजन फार, पाय भक्कम पाहिजेत. काच घेतली तर टफन्ड, आणि स्टीलची ताटं रोज त्यावर आपटणार हे लक्षात घेऊन घ्या, आवाज होतो.

खुर्च्यांना कापडी गादी नको. तांबड्या रश्श्याच्या तर्रीचा एक थेंब आणि खुर्ची कायमची गेली, पुसता येणारं रेक्झिन किंवा सरळ लाकडी बैठक. सुती टेबलक्लॉथवर हळदीचा डाग पडला तर धुऊन कडक उन्हात वाळत घाला, हळदीचा रंग उन्हानं फिका पडतो.

आता नदीकडच्या लोकांसाठी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा भागात ज्यांची घरं आहेत त्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये काय भोगलं ते त्यांना सांगायला नको. अशा घरात तळमजल्यावर जेवणघर असेल तर टेबलाचे पाय नटबोल्टनं सुटणारे घ्या, वरची फळी दोन माणसांना जिन्यावरनं नेता आली पाहिजे, त्यासाठी आधी जिन्याची रुंदी आणि वळण मोजा. फरशीला टेकलेलं प्लायवूडचं युनिट अजिबात करू नका, भिंतीला वर टांगलेलं करा, आणि प्लगचे पॉईंट उंच घ्या. नदी ३९ ला आली की टेबल सोडवून वर, त्याच्या पुढं वाट बघायची नाही.

पायरी ९ : लाईट, पंखा, बेसिन

लोंबता लाईट टेबलाच्या वर ३० ते ३६ इंचांवर, त्यापेक्षा खाली आला तर समोरचा माणूस दिसत नाही. पिवळसर रंगाचा, २,७०० ते ३,००० केल्विनचा घ्या, पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात रश्श्याचा रंगच मरतो. बरोबर मधे लाईट आला की पंखा मधे येत नाही, म्हणून भिंतीवरच्या पंख्याचा पॉईंट आधीच काढून ठेवा, मागनं भिंत फोडावी लागते.

बेसिन टेबलावरनं दिसणार नाही पण चार पावलांत पोचता येईल असं, उंची साधारण ३२ इंच, मागं कमरेपासनं डोक्यापर्यंत टाईल. रश्श्याचा तेलकट हात धुताना शिंतोडे किती उडतात ते रंग दिलेल्या भिंतीवर पहिल्याच महिन्यात दिसतं.

पायरी १० : काम कधी काढायचं

दिवाळी झाली की भिंतीचं काम काढा, गवंड्याचं काम आणि प्लास्टर थंडीत उरकून घ्या, प्लास्टर नीट वाळल्याशिवाय लाकूडकाम आत आणू नका. सुताराला टेबलाचं लाकूड जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायला लावा आणि घरातच महिनाभर टेकवून ठेवायला सांगा, ते आपल्या हवेला सरावतं. पॉलिश एप्रिल-मे मध्ये, कारण ओल्या हवेत पॉलिशवर पांढरी झाक येते आणि चिकट राहतं. सुतार म्हणतील वहिनी, पावसाळ्यात पण करून देतो, काही होत नाही, तर नको म्हणा आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा, तोवर रांगोळीच्या चौकटीवर जुन्या खुर्च्या आणि साधं फोल्डिंगचं टेबल मांडून जेवा. करायचंच असेल तर मृगाच्या आधी टेबल पॉलिश होऊन, पूर्ण वाळून घरात आलं पाहिजे.